शांताक्का घराबाहेर पडतात

शांताक्कांनी आयुष्यात कापडावर कधी खडू ओढला नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की त्याला एकदा नीट न्याहाळायचं आणि सरळ कात्री चालवायची. ब्लाउज बिघडल्याची तक्रार आजवर दोनदाच आली, आणि दोन्ही वेळा बाईच मध्यंतरी जाड झाली होती, असं त्या ठासून सांगत. त्यांच्याशी वाद घालायला म्हैसूरच्या त्या गल्लीत कुणी उरलं नव्हतं.

अशा बाईला अडवणारा घरात एकच होता, देवघरातला पितळी विठोबा. नवरा नरहरीराव होते तोवर पूजा त्यांची. मशीनला हात लावण्याआधी ते विठोबा-रखुमाईला आंघोळ घालत, आणि चिंच लावून घासता घासता बायकोला आश्वासन देत, "दसरा होऊ दे, तुला वायनाडच्या डोंगरावरचं तळं दाखवतो." दसरा झाला की दिवाळीची शिलाई यायची, दिवाळी आटोपली की लग्नसराई. दुसऱ्यांच्या सणांत शिंप्याला कुठली सुट्टी! तळं राहूनच गेलं आणि दोन वर्षांपूर्वी नरहरीरावही गेले. पूजा शांताक्कांकडे आली. तेव्हापासून त्यांनी एक रात्रही घराबाहेर काढली नव्हती. देवाला उपाशी ठेवून जायचं कुठं?

हेब्बाळच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलानं, मंजुनाथनं, आईला ते तळं दाखवायला शेवटी घरच चाकांवर आणलं. भाड्याची व्हॅन होती. आत झोपायला बाक, शेगडी, पाण्याची टाकी. शांताक्कांनी पडद्यांकडे पाहून नाक मुरडलं, ते उतरवले आणि एका दुपारीत नवे शिवून लावले. शेजारच्या जयवंतीनं पूजा करायचं कबूल केलं. सगळं जमून आलं.

आणि निघायच्या सकाळी जयवंतीला नातू झाला! आनंदाची गोष्ट, पण घरात सोयेर आलं आणि तिची पूजा बंद.

"झालं. तुम्ही जावा, मी राहते," शांताक्का म्हणाल्या.

सून लावण्या मात्र खमकी. "अत्ते, घर बंद करताना आमची अज्जी देव तांदळात ठेवायची. तांदळात देव उपाशी राहत नाही, म्हणायची."

शांताक्कांची स्वतःची आईसुद्धा माहेरी सरगूरला हेच करायची. मंजुनाथ डिझेल भरायला गेला होता तेवढ्यात त्यांनी तांदळाच्या डब्यात विठोबा-रखुमाईला निजवलं, वर ओंजळभर तांदूळ सारले, झाकण लावलं आणि डबा देवघरापुढे ठेवला. "गुपचूप पडून राहा," असा दमही भरला.

सरगूरजवळ त्यांच्या मावसभावाचं शेत कबिनीच्या पाण्याला लागून आहे. तिथं व्हॅन उभी राहिली. घरून आणलेलं चित्रान्न खाऊन नात भाग्या बांधावर उड्या मारू लागली. समोर पसरलेलं पाणी, पलीकडे डोंगर. शांताक्कांना ते आवडलं, आणि आवडलं म्हणूनच जास्त टोचलं. दिवेलागणीला घरी दिवा नव्हता. आणि ज्यांनी डोंगरावरचं तळं दाखवायचं कबूल केलं होतं ते शेजारी नव्हते. एकटीनं बघणं त्यांना चोरी केल्यासारखं वाटलं.

सकाळी त्यांनी निकाल दिला. "मंजू, मला सरगूरच्या स्टँडवर सोड. बसनं घरी जाते."

"अय्यो अम्मा, सुम्ने, उगाच हट्ट नको करू! आज डोंगर चढायचा आहे."

"साकु, पुरे! बोलू नको. तुम्हाला भात लावून देते आणि निघते."

आज परत गेली तर आई पुन्हा कधी उंबरा ओलांडणार नाही, हे मंजुनाथला पक्कं ठाऊक होतं.

शांताक्कांनी डबा उघडला, तांदळात वाटी घातली, आणि वाटी कशावर तरी टणकन आपटली. त्यांनी हात खुपसला. कमरेवर ठेवलेले दोन हात बोटांना लागले. नरहरीरावांच्या अंगठ्यानं वर्षानुवर्षं घासून गुळगुळीत झालेलं नाक लागलं. ते नाक त्यांनी अंधारातसुद्धा ओळखलं असतं.

लावण्यानं कपाळावर हात मारला. "अहो, मी स्वयंपाकघरातला डबा आणायला सांगितला होता!"

"दोन्ही सारखेच की! देवघरापुढे होता, मला वाटलं न्यायलाच काढलाय," मंजुनाथ पुटपुटला. बिचारा आता शिव्यांची वाट बघत उभा राहिला.

शिव्या आल्या नाहीत. शांताक्का विठोबाच्या टोपातले तांदूळ झटकत होत्या आणि हसत होत्या. हसता हसता रडू कधी आलं ते त्यांनाही कळलं नाही. रोज ह्यांच्या हातांत न्हाणारा देव न सांगता गाडीत बसून आला होता, आणि आपण त्याच्यासाठीच घरी पळत होतो!

कबिनीच्या पाण्यानं पूजा झाली, त्याच तांदळाच्या भाताचा नैवेद्य झाला. मग पदरात देव घेऊन त्या पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

"स्टँडवर घेऊ?" मंजुनाथनं भीत भीत विचारलं.

"स्टँडवर काय आहे? डोंगराकडं घे."

दुपारी वायनाडच्या डोंगरावरच्या तळ्याशी व्हॅन थांबली. शांताक्का काठावर गेल्या. त्यांनी विठोबाला दोन्ही हातांनी वर धरलं आणि पाण्याकडे त्याचं तोंड केलं.

"बघा हो," त्या म्हणाल्या, "झाला एकदाचा दसरा."