चुरमुरे, गीज आणि माझा हुकलेला गोरिला

युगांडाच्या जंगलात जाऊन गोरिला बघायचा माझा योग अमेरिकेतल्या आमच्या नेपरव्हिलच्या एका गूजमुळे हुकला. (मराठीत गूजला, अनेक असल्या तर गीजला, हंस म्हणतात, पण त्या प्राण्याला हंस म्हणायला माझी जीभ धजत नाही.)

गोरिला हे खरं तर माझ्या बायकोचं, मेधाचं वेड. अमरावतीला कॉलेजात झूऑलॉजी शिकत होती तेव्हापासूनचं. दोन हजार सहा साली तिला एकदाची दोन परमिटं मिळाली. नावं सोमवारपर्यंत कळवायची होती. एक तिचं, दुसरं अर्थातच माझं, असं मी धरून चाललो होतो. महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलक जेवणाला तर मी जंगलात घालायची रुंद काठाची हॅट घालून मिरवूनही आलो होतो.

शुक्रवारी मेधा म्हणाली, "बेसमेंटमधून लाँड्री वर आणताना तुला धाप लागते. तिथे सहा तास चिखलातून चढायचंय. उद्या ट्रायल घेऊ. वीस पाउंड पाठीवर, टेकडी वर-खाली. जमलं तर तुझं नाव."

"आणि नाही जमलं तर?"

"तर आईला नेते."

आई म्हणजे माझ्या सासूबाई. वय बासष्ट. तीस वर्षं शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झालेल्या आणि सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आलेल्या. त्या मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मी तयार आहे बाप्पा. घरी परत जाताना आफ्रिका वाटेतच लागते."

मेधाने वजन म्हणून बासमतीची वीस पाउंडांची पिशवी माझ्या हवाली केली. मी ती गराजमध्ये नेली, एकदा उचलून पाहिली, आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. तांदूळ विंटर जॅकेटांच्या ढिगाखाली लपवले आणि सॅकमध्ये भेळेसाठी आणलेल्या चुरमुऱ्यांची दोन मोठी पाकिटं कोंबली. बाहेरून सॅक तशीच टम्म. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

आमचं इलिनॉय म्हणजे पोळपाट. जवळची एकमेव टेकडी म्हणजे कचऱ्याचा ढीग मातीने झाकून त्यावर गवत लावलेलं प्रकरण. शनिवारी सकाळी आम्ही तिथे पोचलो. सासूबाईही आल्या, नातीची जुनी स्कूलबॅग पाठीला लावून. त्यात पाण्याची बाटली असेल असं मला वाटलं.

मी टेकडी तुरुतुरु चढलो. मध्ये मध्ये आठवणीने कण्हत होतो.

"आई, बघ ना! किती स्टॅमिना वाढलाय ह्याचा!" मेधाचे डोळे चक्क भरून आले. मला जराशी लाज वाटली. (जराशीच. परमिट जवळजवळ खिशात होतं.)

उतरून आम्ही तळ्याकाठी थांबलो. ओझं केवढं जड आहे ते दाखवायला मी सॅक धपकन खाली आपटली. आतून 'फट्ट' असा आवाज आला. मी घाईघाईने ती परत पाठीवर चढवली आणि पुढे चालू लागलो. दहा पावलांवर मेधाने विचारलं, "ह्या गीज तुझ्याच मागे का येतायत?"

मी वळून पाहिलं. चार गीज होत्या. सॅकच्या अर्धवट उघड्या चेनमधून वाटेवर चुरमुऱ्यांची रांगोळी पडत होती आणि त्या ती टिपत येत होत्या. मेधाचं खाली लक्ष नव्हतं, कारण तेवढ्यात त्यांच्यातल्या थोरल्या नराने मान खाली घालून फुत्कार टाकला होता.

"परफेक्ट!" मेधा म्हणाली. "गोरिला समज. सगळे नियम आठव. पळायचं नाही. खाली बस. नजर जमिनीकडे."

मी बसलो. नराने माझ्या कानामागून चोच सॅकमध्ये घातली.

मी पळालो. पाठीवर सॅक, सॅकमधून चुरमुरे, चुरमुऱ्यांमागे गीज. समोरून जॉगिंग करत येणारे एक गोरे आजोबा ओरडले, "सर, ड्रॉप द बॅग!" बॅग कशी टाकणार? टाकली तर मेधाला आतला माल दिसणार. अब्रूसाठी मी पार्किंग लॉटपर्यंत धावलो आणि आमच्याच गाडीच्या बॉनेटवर चढलो. सॅक घसरली, उलटी झाली, आणि उरलेलं पाकीटही फुटून विंडशील्डवर सांडलं.

तोवर सासूबाई आल्या. गीज आणि गाडीच्या मधोमध उकिडव्या बसल्या, नजर जमिनीकडे, हात मांडीवर. नर त्यांच्यापुढे थांबला. मग तो मुकाट्याने वळला आणि बाकीच्यांना घेऊन तळ्याकडे गेला.

"काहून पळाले जावईबापू?" त्यांनी उठत विचारलं.

मेधा विंडशील्डकडे बघत होती. "तांदूळ कुठायत?"

उत्तर सासूबाईंकडे होतं. त्यांनी स्कूलबॅग उघडली. आत बासमतीची वीस पाउंडांची पिशवी. "सकाळी स्वेटर शोधत होते, तर जॅकेटांखाली हे सापडलं. म्हटलं, विसरले असतील, आपणच नेऊ."

सोमवारी मेधाने नावं कळवली. मी त्या दोघींना एअरपोर्टवर सोडलं. माझी हॅट सासूबाईंच्या डोक्यावर होती आणि त्यांना ती माझ्यापेक्षा शोभत होती, हे मला कबूल केलं पाहिजे.

आठवड्याने फोन आला. मेधा बोलता बोलता रडत होती, इतकी खूश होती. मग सासूबाईंनी फोन घेतला.

"जावईबापू, तुमची फार आठवण झाली. तो मोठा नर दिसला ना, तेव्हा. नुसता बसून खात होता, पोट खाजवत होता. हुबेहूब तुम्ही."

"असं का?" मी म्हणालो.

"हो ना. फक्त आम्हाला पाहून तो पळाला नाही."