चंद्राबाई पोत्यावर बसली

उंब्रजजवळच्या मळ्यात चंद्राबाई युरियाच्या पोत्यावर मांडी ठोकून बसली होती, आणि समोर तिचा नवरा, फौजेतनं हवालदार होऊन परत आलेला लालासाहेब, हातात घमेलं घेऊन उभा!

"उठ चंद्रे. दोन्ही गव्हाला टाकायचाय."

"तुमच्या ठेंगण्या गव्हाला न्या की लागंल तेवढा. माझ्या खपलीला पहिल्या पाण्याला दिलाय थोडा. आता एक मूठ न्हाई."

"आन् परत लोळली तर?"

सगळं इथंच अडलं होतं. खपली गव्हाचं बी चंद्राबाईनं माहेरनं, सांगलीकडनं आणलेलं. खीर तर असली होते त्याची की बास! पण गेल्या साली ओंब्या भरताना वारं सुटलं आणि अख्खी खपली भुईसपाट. लालासाहेबानं तेव्हाच सांगून टाकलं, अजून एक साल बघू, पडली की त्या रानात ऊस. उसाच्या बेण्याचंसुद्धा बोलून ठेवलं होतं त्यानं!

सगळे म्हणाले वाऱ्यानं पडली. पण चंद्राबाईनं पडलेलं रान हिंडून बघितलं ना! बांधाकडच्या कोपऱ्यात युरिया पुरला नव्हता, तेवढाच तुकडा ताठ उभा. शेजारचा ठेंगणा गहू पण उभाच, आणि त्यानं तर भरपूर खाल्लेला. मग तिला उमगलं. ठेंगण्याला युरिया पचतो, दाणा वाढतो. खपली मुळातच उंच. तिला जास्त दिला की ती नुसती सरसर वर जाते, काडी लुसलुशीत होते आणि ओंबी भरली की आडवी.

"उपाशी ठेवत न्हाई मी तिला. तिची भूकच तेवढी हाय, आवं!"

लालासाहेबानं पोतं ओढलं. पोतं जरा हललं, चंद्राबाई न्हाई. शेवटी त्यालाच हसू फुटलं. पोत्याच्या उघड्या तोंडातनं घमेली भरून भरून तो ठेंगण्या गव्हाकडं गेला आणि ती पोत्यावरनं राखण करत राहिली.

पुढं शेजारच्या आप्पासोनं उच्छाद मांडला. त्याची पण खपलीच, पण दाबून युरिया दिलेली, हिरवीगर्द, काळीभोर.

"वहिनी, तुमच्या खपलीला कावीळ झाली जणू!"

"लय माजू नगासा, भावजी. वारं येऊ द्या!"

बोलायची तोऱ्यात, पण जीव नुसता टांगणीला. आभाळ भरलं की तव्यावरची भाकरी करपायची.

आणि मार्चात एका दुपारी आलंच वारं! पत्रे उडाले, टपोरे थेंब आले. थांबलं तशी दोघं मळ्याकडं पळत सुटली. आप्पासोची खपली रोलर फिरवल्यागत झोपलेली. चंद्राबाई ती बघतच थांबली.

तोवर पुढं गेलेला लालासाहेब बांधावर चढला, टाचा जुळवल्या आणि कडक सलाम ठोकला.

"पलटण, सावधान!"

अख्खी खपली उभी! चंद्राबाईनं धावत जाऊन एक ओंबी दाबून बघितली. आत दाणा टच्च! ती रडायला लागली, हसायला लागली, दोन्ही एकदमच.

"सलाम मागनं ठोका. आधी फोन लावा."

"कुणाला?"

"बेणंवाल्याला!"

लालासाहेबानं तिथंच फोन लावला. "बेणं नगं आता. न्हाई, रान मोकळं न्हाई. आमच्या मंडळींनी जिंकलंय ते!"

आप्पासो पलीकडनं ओरडला, "वहिनी, पुढच्या साली आमच्या पोत्यावर बसायला येतासा का?"

"येती की! पण आधी कावीळ झालेल्या खपलीची खीर खायला या, भावजी!"