मागे वळून पाहायचं नाही

इंदुताई ढोमणे बर्डीच्या बाजारात उतरल्या की दुकानदार आधीच भाव चढवून ठेवतात, असं कोराडीच्या कॉलनीत लोक थट्टेनं म्हणत. थट्टा कसली, खरंच होतं ते! सांगितल्या भावात या बाईनं आयुष्यात मेथीची जुडीसुद्धा उचलली नाही. आणि हे काम त्यांच्या एकटीच्या तोंडाचं नव्हतं. नवरा नत्थूजी, वीज केंद्रातून निवृत्त झालेला शांत माणूस, यात बरोबरीचा भागीदार होता.

घासाघीस अडली की इंदुताई म्हणायच्या, "चला जी, नाही घ्याचं आपल्याले," आणि तरातरा चालू लागायच्या. मागे वळून पाहायचं नाही, हा नियम. पाहिलं की दुकानदाराला कळतं, बाईचा जीव वस्तूत अडकलाय. नत्थूजींनी मात्र जागचं हलायचं नाही. ओशाळं तोंड करून दुकानापाशी उभं राहायचं आणि गडी नरमला की हाक घालायची, "अवं इंदू, ये वं, देऊन राहिला तो!" लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून हे नाटक चालू होतं.

वर्षभरापासून नत्थूजी विसरू लागले होते. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं. एकदा तर स्वतःच्याच घराची बेल वाजवून त्यांनी विचारलं, "साहेब आहेत काय घरी?" इंदुताईंनी हे कुणाला सांगितलं नाही. वय झालं की होतं, म्हणत राहिल्या. बोललं तर ते खरं होईल, अशी धास्ती होती त्यांना. ओमानला, मस्कतमध्ये नोकरी करणाऱ्या रितिकानं, त्यांच्या लेकीनं, फोनवरच काय ते ओळखलं आणि दोघांना आपल्याकडे राहायला नेलं. बाबांना एकटं सोडू नकोस, एवढंच तिचं रोजचं सांगणं.

त्या सकाळी दोघं मतरहच्या जुन्या बाजारात गेले. छपराखालच्या अरुंद गल्ल्या, लोबानाचा धूर, खांद्याला खांदा लागेल अशी गर्दी. इंदुताईंना अगदी आपल्या इतवारीच्या बाजारात आल्यासारखं वाटलं, आणि तिथेच घात झाला. एका दुकानातलं पितळी धुपाटणं त्यांच्या मनात भरलं. दुकानदार केरळचा, मोडकीतोडकी हिंदी बोलणारा. तो आठ रियालच्या खाली येईना, या तीनच्या वर जाईनात.

"चला जी, नाही घ्याचं आपल्याले." सवयीनं तोंडातून निघालं, आणि मागोमाग पायही निघाले.

दोनचार दुकानं मागे पडली. हाक आली नाही. गडी चिवट दिसतो, असं मनाशी म्हणत त्या ऐटीत वळणापर्यंत गेल्या. वळण ओलांडल्यावर कुठे त्यांच्या लक्षात आलं, की आपण कुणाला मागे ठेवून आलो आहोत. त्या गर्रकन वळल्या, तर समोर एकीच्या दोन गल्ल्या झालेल्या, आणि दोन्हींत तीच धुपाटणी, त्याच शाली, तीच अत्तरं.

त्या धावल्या. साठी उलटलेली, गुडघे दुखणारी बाई धावली. नत्थूजींकडे फोन नव्हता, घराचा पत्ता त्यांना सांगता येत नव्हता, आणि बाजाराबाहेर पडलं की भरधाव गाड्यांचा रस्ता आणि त्यापलीकडे समुद्र. तो समुद्र डोळ्यांपुढून हलेना. पांढऱ्या सदऱ्यातला म्हातारा पाहिला का, असं त्या दिसेल त्याला हिंदीत विचारू लागल्या, पण तिथे तर निम्मे म्हातारे पांढऱ्यातच. एकाची बाही त्यांनी घट्ट धरली. तो वळला, परकाच निघाला.

त्यातच दुपारच्या सुट्टीची वेळ झाली आणि धडाधड शटरं पडू लागली. एकेक दुकान मिटत होतं, तशी ओळखीची म्हणावी अशी एकेक खूण पुसली जात होती. देवा, माझी हौस चुलीत घाल, पण माझा माणूस दे, असं त्या रडतच बोलत सुटल्या.

आणि मग एका वळणावर ते दिसले. अर्ध्या उतरवलेल्या शटरपाशी, ओशाळं तोंड करून उभे.

"आंटी!" दुकानदार वैतागला होता. "कब से बोला, तीन में ले जाओ. अंकल हिलते ही नहीं!"

इंदुताईंनी नत्थूजींचा हात धरला. "अजी, चला. चला घरी."

नत्थूजींनी त्यांच्याकडे पाहिलं, परक्या बाईकडे अदबीनं पाहावं तसं, आणि हळूच हात सोडवून घेतला.

"काय करून राहिल्या बाई? लोक पाहून राहिले नं. माही बायको पुढं गेली हाय. भाव उतरला का येते फिरून."

"आन् नाही आली तं?" कसंबसं त्यांनी विचारलं.

"येते नं. काहून नाही येणार?"

मीच ती, हे शब्द इंदुताईंच्या ओठांवर आले होते. पण त्यावरही नत्थूजींनी नकारार्थी मान हलवली तर? नवऱ्यापासून हातभर अंतर ठेवून त्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासोबत रिकाम्या होत चाललेल्या गल्लीकडे पाहू लागल्या, ती बाई लवकर यावी म्हणून.