इलेक्ट्रॉनवर विश्वास असलेले सर

आमच्या बारावीच्या फिजिक्स सरांचा आख्ख्या हिंगोलीत फक्त इलेक्ट्रॉनवर विश्वास होता. बाकी सगळ्यांवर डाऊट. टपरीवाल्याला दुधात पाणी किती घातलं ते विचारायचे आणि उत्तर मिळाल्यावरही ग्लास उजेडात धरून बघायचे. (आता मीही धरतो. लागली सवय.) हजेरीला कुणी 'हजर' म्हटलं की मान वर करून त्या पोराचे ओठ तपासायचे. ते मात्र माझ्यामुळं. मी चार जणांची हजेरी चार आवाजांत द्यायचो.

"पोत्यात हळद कशी हाय बघायला व्यापारी टोकदार परखी खुपसतो," सर सांगायचे. "अणूच्या केंद्रकात काय खुपसशील? इलेक्ट्रॉन मारायचा. काहून? तर तो कसा वागंल ते आपल्याला बराबर ठाऊक हाय. जेवढी ताकद घेऊन गेला तेवढीच घेऊन परत आला, त केंद्रक अख्खं हाय, नुसता आकार कळला. पण जोरात मारला अन् ताकद घालवून आला, त समजायचं, आत कायतरी फुटलं. एखादा प्रोटॉन बाहेर पडला असंल. हुडका!" हे 'हुडका' मी मधल्या सुट्टीत असं ओरडायचो की डबे खाणारी पोरं ताठ बसायची.

चाचणीच्या दिवशी मात्र मी घोळ केला. अभ्यास शून्य. डेपोसमोरच्या एसटीडी बूथवरून कॉलेजात फोन लावला. उचलला प्राचार्यांनीच. आता मागं कसं फिरणार? सरांच्या आवाजात म्हणालो, "तब्येत बराबर न्हाई, चाचणी रद्द करा." सर पेपरांचा गठ्ठा घेऊन आले तर वर्ग रिकामा. सर कायम नव्हते, तासिकेवर होते. प्राचार्य म्हणाले, "आवाज तुमचाच होता. सोमवारपासून येऊ नका."

सरांनी आम्हाला एकेकाला लॅबमध्ये घेतलं.

"जेवला का?"

"व्हय सर."

"सायकलीवर आला?"

"व्हय सर."

साधे प्रश्न हळूहळू मारून बघत होते. तेही जसे गेले तसे परत येत होते, मी अख्खा. मग एकदम, "तो फोनवाला माझ्यासारखा खोकत बी होता म्हणं!"

"छे सर, खोकला कुठं?"

सर शांतपणे म्हणाले, "पडला प्रोटॉन."

प्राचार्यांकडं ते मला घेऊन गेले नाहीत. "तूच जा. मी आणलं त म्हणतील पढवून आणलं." गेलो, कबूल केलं. तरी प्राचार्य म्हणालेच, "सरांनी पाठवलं ना तुला?" शेवटी त्यांनी सरांना बोलावलं, स्वतः भिंतीकडं तोंड करून बसले आणि म्हणाले, "हं, बोल."

मी फोन बोलून दाखवला. मग सुटलोच. दूध, हजेरी, परखी, 'हुडका!' भिंतीकडं तोंड करून बसलेले प्राचार्य खांदे उडवून हसायला लागले. सरांच्या तासिका वाचल्या. मी आठ दिवस वर्गाबाहेर.

व्हरांड्यात सरांनी मला थांबवलं. मग हळूच म्हणाले, "आवाज बराबर हाय. पण मी लोकांवर एवढा डाऊट घेतो व्हय रे?"

"न्हाई सर," मी म्हणालो.

सरांनी मान वर केली आणि माझे ओठ तपासले.