महागू टेलरचा डूख

महागू टेलरने एकदा डूख धरला की तो माणूस मेल्यावरही सुटत नसे. महागू त्याच्या तेराव्याला जाई, पोटभर जेवे आणि भाजीला नावं ठेवून घरी येई. कटंगीच्या अलीकडच्या बोरीटोल्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. एका मेव्हण्याने चारचौघांत भावजीची टर उडवत "बायकांचे झंपर शिवता शिवता भाटो बी बाईच झाले" म्हटलं, तेव्हा महागू सगळ्यांबरोबर हसला. मग मेव्हण्याच्या लग्नाच्या पँटची मागची शिवण त्याने कच्च्या दोऱ्याने घातली. मेव्हणा वरातीत नाचायला म्हणून वाकला आणि त्यानंतर वर्षभर सासुरवाडीला गेला नाही.

आता मेव्हण्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. दिवाळी सरली की त्या भागात गावोगाव मंडईची जत्रा भरते. लेकीबाळी माहेरी येतात, मिठाईची दुकानं लागतात आणि भरदुपारी मैदानात दंडार, म्हणजे नाचगाण्याचं नाटक, उभी राहते. दंडारीत बाईचं सोंग पुरुषच घेतो, आणि बोरीटोल्याच्या दंडारीत ते सोंग महागूचं होतं. सोंगाड्याची बायको चंपा. वर्षभर मिशीला तेल लावणारा हा माणूस मंडईच्या सकाळी मिशी उतरवी, स्वतः शिवलेला झंपर घाली आणि डोक्यावर पदर घेऊन असा काही मुरडत येई की म्हाताऱ्या बायका पदराआड तोंड लपवून हसत. बाकीचं वर्ष तो कटंगीच्या बाजारात शाळेचे ड्रेस आणि बायकांचे झंपर शिवे. पण तो जगे त्या एका दुपारसाठी.

मंडळाचा मुख्य होता हिरालाल. ढोलकी त्याची, अंगण त्याचं आणि हुकूमही त्याचाच. मंडईच्या सकाळी सगळे कलाकार त्याच्या अंगणात ओळीने बसत आणि एकाच वस्तऱ्याने सगळ्यांच्या दाढ्या होत. वस्तरा मंडळाच्या जुन्या गुरूचा होता, तो गालावरून फिरला की गुरूचाच हात फिरला असं समजत. कुणाला कापलं तर तुरटी लावायची, वस्तरा धोतराला पुसायचा आणि पुढच्याला बसवायचं. नवं ब्लेड आणायचं नाव काढलं तर हिरालाल म्हणे, "गुरूले इटाळ झाला का?" मग कोणी बोलत नसे.

महागूला हर्निया झाला म्हणून तो बालाघाटला सरकारी दवाखान्यात गेला, तर ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत हिपॅटायटीस सी हा रक्तातून लागणारा काविळीचा आजार निघाला. ना ताप, ना पिवळे डोळे. धडधाकट माणसाला कोणी तरी उगीच वाटेत धरून बसवावं तसं त्याला झालं. कुठून आला म्हणाल तर दवाखान्यातही कोणी ठाम सांगेना. कुठली सुई असेल, दात उपटणारा असेल, वस्तरा असेल. गोळ्या मात्र फुकट होत्या. महागूने तीन महिने त्या न चुकता घेतल्या, त्याची बायको दुर्गाबाई रोज समोर उभी राहून गिळायला लावी. नंतर दवाखान्याने सांगितलं तितके दिवस थांबून त्याने पुन्हा रक्त दिलं. रक्त बाहेरगावी गेलं, कागद आला, आणि डॉक्टर म्हणाले की विषाणू सापडला नाही, तू बरा झालास.

इथेच गप्प बसला असता तर महागू महागू राहिला नसता. गावात कुजबुज झाली होतीच. दसऱ्याआधी शाळेत आरोग्याचं शिबिर लागलं, बोट टोचून कार्डावर याच आजाराचा लगेच निकाल देत होते. महागूला वाटलं, दवाखान्याचा इंग्रजी कागद कोण वाचतो, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दाखवून द्यावं. सगळं मंडळ साक्षीला घेऊन तो शिबिरात गेला, छाती काढून बसला आणि बोट पुढे केलं. कार्डावर एक रेघ आली. थोडा वेळ गेला आणि तिच्या शेजारी दुसरीही आली.

"पॉझिटिव्ह," शिबिरातला माणूस म्हणाला आणि त्याने पुढच्याला हाक मारली.

महागूने खिशातला कागद काढला. हिरालालने तो हातातही घेतला नाही. "कागदावर का लिवलं ते लिवनाऱ्याले माहीत. रेघ आमी डोयानं पायली. ज्याची रेघ आली त्यानं मंडळात पाय ठेवाचा नाई," तो म्हणाला. सगळ्या शाळेसमोर म्हणाला. मंडळातल्या एकानेही वर पाहिलं नाही.

दुसऱ्याच दिवशी महागू बालाघाटला जाऊन दवाखान्यातल्या अंजूवर तुटून पडला. अंजू तिथे रक्त घेई आणि पेशंटला समजावून सांगे. "तुमचा कागद खोटा, का शिबिराचं कार्ड खोटं?" त्याने विचारलं.

"दोनों सही आहेत, काका," अंजू म्हणाली. "कार्ड फक्त एवढंच सांगते की ही बीमारी तुमच्या अंगात कभी तरी आली होती. शरीराने तिच्याशी जे लढाई केली न, त्याची निशानी रक्तात रायते. ते लाइन आता जिंदगीभर येईल. आता विषाणू आहे का नाही, ते हा कागद सांगते. तुम्ही ठीक झाले. मी तेव्हाच सांगितलं होतं की पुन्हा कार्ड लावू नका."

तिने सांगितलं होतं हे खरं. महागू तेव्हा मंडईचा विचार करत होता.

तो तडक हिरालालच्या अंगणात आला, सगळं नीट समजावून सांगायच्या इराद्याने. अंगणाच्या कोपऱ्यात धूर निघत होता. चंपाचे झंपर, लुगडी, केसांचा टोप, हिरालालने सगळं जाळलं होतं. महागूने प्रत्येक झंपरावर रात्रंदिवस बसून टिकल्या टाकल्या होत्या. ढोलकीला जोड देणारा प्रेमलाल काठीने राख सारत होता, त्याने मान खाली घातली. हिरालाल खाटेवरूनच म्हणाला, "बिमारी घरात ठेवाची का? नवे शिवून घेऊ. चंपा बी नवी पायली हाय."

महागूच्या ओठांवर आलेली गोष्ट ओठांवरच राहिली. त्याला आतून संताप आला, आणि त्याच वेळी डोकं अगदी थंड झालं. हा माणूस याच रेघेने मेला पाहिजे, असं त्याने मनात म्हटलं. तो घरी आला. त्या साली मंडईच्या दिवशी तो शेताच्या धुऱ्यावर पाठ करून बसला, पण ढोलकी काही ऐकायची राहिली नाही.

मग त्याने एक काम केलं. ते चांगलं की वाईट ते ज्याने त्याने ठरवावं. तो पुन्हा अंजूकडे गेला आणि गुरूच्या वस्तऱ्याची हकीकत तिला सांगितली. अंजूच्या तोंडचं पाणी पळालं. दवाखान्याची माणसं बोरीटोल्यात येऊन मंडळातल्या प्रत्येकाचं रक्त घेऊन गेली. बाकी सगळे सुटले. हिरालाल सापडला, आणि पुढच्या तपासणीत विषाणूही निघाला.

दुर्गाबाईने ही बातमी आणली तेव्हा महागू काज करत होता. "तुमाले मालूम होतं का?" तिने विचारलं.

"मले कसं मालूम राहीन?" महागू म्हणाला. "पन देव हाय."

त्याने काज इतकं सुबक केलं की स्वतःच दोनदा पाहिलं.

हिरालालने गोळ्या घेतल्या. लाजेने कोणाशी न बोलता तो बालाघाटला जाई, गोळ्यांची पिशवी घेई आणि पहिल्या बसने परत येई. अंजू बोलायला लागली की हा दाराकडे बघे. ढोलकी तेवढ्यापुरती प्रेमलालकडे गेली, आणि प्रेमलालला हुकूम सोडण्याची गोडी लागली. दसरा जवळ आला तेव्हा हिरालालचाही कागद आला. विषाणू सापडला नाही. तालमीच्या पहिल्या दिवशी तो कागद फडकावत अंगणात उभा राहिला. "बरा झालो. आन इकडं ढोलकी."

प्रेमलालने ढोलकी मांडीखालून काढली नाही, पण आता काढेल असं दिसत होतं. महागू कुंपणाबाहेर उभा होता. अंगणात पाय ठेवायचा नाही, हा नियम तो नेमका पाळत होता. तिथूनच तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "कागद कोनाले समजते, हिरालालभाऊ? शाळेत शिबिर लागलं हाय. कार्ड लावून टाका. सगळ्याइची खात्री होऊन जाईन."

हिरालालला वाटलं, हा आपल्या बाजूने बोलतोय. बेट्याला तेवढीही अक्कल नव्हती. सगळं मंडळ शाळेत गेलं. हिरालाल छाती काढून बसला, त्याने बोट पुढे केलं, आणि महागू भिंतीला टेकून बघत राहिला. पहिली रेघ आली. दुसरी येईपर्यंतचा वेळ महागूला इतका गोड लागला की ती जरा उशिरा आली तरी त्याची हरकत नव्हती.

"पॉझिटिव्ह," शिबिरातला नवा माणूस म्हणाला. "बालाघाटला जाऊन दाखवा."

हिरालाल कागद पुढे करू लागला. प्रेमलालने तो हातात घेतला नाही. "नियम तुमीच लावला होता, भाऊ," तो म्हणाला. "रेघ आमी डोयानं पायली."

त्या खोलीत खरं काय ते जाणणारा माणूस एकच होता. त्याने एक वाक्य उच्चारलं असतं तरी पुरे होतं. महागूने चपला घातल्या आणि तो बाहेर पडला. वर्षभरात पहिल्यांदा त्याला कडकडून भूक लागली होती.

चार दिवसांनी कटंगीच्या बाजारात हिरालाल त्याच्या मशीनसमोर येऊन उभा राहिला. गडी अर्धा झाला होता. "अंजूकडं गेलतो," तो म्हणाला. "ते म्हनते, रेघ जनमभर येते. बरं झालं तरी येते."

"हौ," महागू म्हणाला. मशीन थांबवलं नाही.

"तुले मालूम होतं."

"हौ."

"मंग मले कार्ड लावाले काहून सांगतलं?"

महागूने पाय थांबवला आणि त्याच्याकडे पाहिलं. "माये झंपर जाळले तवा मी बी अंगनातच उभा होतो. तवा मले कोनी काई इचारलं का?"

हिरालाल खाली स्टुलावर बसला. तो म्हणाला, "चुकलो मी. हात जोडतो. आता आयक. मी एकटा सांगून राह्यलो तं प्रेमलाल म्हनते, सोताच्या मतलबासाठी बोलते. अंजू गावात याले तयार हाय, सगळ्याइले समजावून सांगते म्हनते. तू फक्त माया बाजूनं उभा राय. आपुन दोघं बोललो तं त्याले मानाच लागन. मी ढोलकीवर बसतो, तू चंपा हो. नवे झंपर मी देतो. मंडई महिन्यावर आली, महागू."

मशीनच्या सुईखाली निळ्या कापडाची घडी तशीच राहिली. महागूला चंपा दिसली. मैदानाच्या कडेला पदर सावरून ती उभी आहे, ढोलकी तिला बोलावते आहे, आणि पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या आत्ताच हसायला लागल्या आहेत. वय पन्नाशीच्या पुढे गेलेलं, अजून किती मंडया नाचायला मिळतील कोण जाणे. फक्त हो म्हणायचं होतं. पण हो म्हटलं की हिरालालही अंगणात परत जाणार होता, खाटेवर बसणार होता, हुकूम सोडणार होता.

"नाई," महागू म्हणाला.

"अरे, तुया बी पाय बाहेरच राहीन."

"राहू दे."

मंडईच्या दुपारी सगळं गाव मैदानात लोटलं. प्रेमलाल ढोलकी बरी वाजवत होता, पण त्याचा हात मधूनच घसरे. नवी चंपा कोणीतरी तरणा पोरगा होता. तो पदर दातात धरून धावत असे आणि लोक त्यालाही हसत होते. महागू गर्दीत मिशीसकट उभा होता. त्याने खेळाकडे एकदाही पाहिलं नाही. समोर मैदानाच्या पलीकडे हिरालाल उभा होता, त्याची बोटं मांडीवर आपोआप ताल धरत होती आणि थांबत होती, आणि त्याचं तोंड घरचं माणूस गेल्यासारखं उतरलं होतं. महागू त्या तोंडावरून नजर काढायला तयार नव्हता.

दुर्गाबाईने ते पाहिलं. तिने नवऱ्याचा सदरा ओढला. "आता तरी घरी चाला. काय मियालं तुमाले? तुमी बी तं बाहेरच उभे हाव."

"हौ," महागू म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि त्याने ते पुसलं नाही. "पन थो बी हाय ना."