गोटमारीच्या दुसऱ्या दिवशीचा गोटा

देवळातल्या भभूतीचा वास आला की माझं कपाळ अजून ठणकतं. ऐंशीच्या दशकाची अखेर होती आणि मी बोरगावच्या सूतगिरणीत युनिक्सच्या कॉम्प्युटरवर ऑपरेटर होतो. कामगारांच्या नावांची फाइल एकच होती. प्रत्येक पाळीच्या डिरेक्टरीत, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या कप्प्यात, फक्त तिच्याकडे नेणारी लिंक होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन गावांत दगडफेकीचा खेळ होतो, त्या गोटमारीच्या दिवशी आमच्या साहेबांना जागोजागी तेच नाव दिसलं आणि त्यांनी जास्तीची कॉपी समजून मूळ फाइलच पुसली. दुसऱ्या दिवशी पाळीची यादी कोरी निघाली. डोक्याला पट्ट्या बांधून आलेले कामगार गेटवर अडवले गेले आणि गोटमारीला सुट्टी घेतली म्हणून कामावरून काढलं, अशी बोंब उठली. काल नदीच्या दोन काठांवरून एकमेकांची डोकी फोडणारे पांढुर्णा-सावरगाववाले आज एक झाले होते. पहिल्या गोट्यानं खिडकी फुटली, दुसरा माझ्या कपाळावर बसला. साहेब टेबलाखालून ओरडले, “अरे, बॅकअपच्या टेपवरून फाइल परत टाकली ना मी!” टाकली होती, पण भलत्याच डिरेक्टरीत. कीबोर्डवर रक्त गळत असताना मी कमांड देऊन अख्ख्या डिस्कवरच्या लिंका शोधल्या; सगळ्यांचे बाण त्या जुन्या, रिकाम्या जागेकडेच होते. फाइल तिथं ठेवली आणि प्रिंटर खडखडला. यादी घेऊन गेटवर गेलो, तर एका धिप्पाड कामगारानं गोटमारीच्या जखमांवर लावतात ती चंडीच्या देवळातली भभूत खिशातून काढून माझ्या जखमेत दाबली. “साहेबाले मारून रायलो होतो बाबू, तुले लागला,” तो म्हणाला, “आता माह्यं नाव पाहा.” आजही कोणतीही फाइल पुसायच्या आधी मी तिच्याकडे येणाऱ्या सगळ्या लिंका शोधतो. ऑफिसातली पोरं हसतात, तेव्हा मी कपाळ दाखवतो.