छातीवरचा साक्षीदार

माझ्या आतेभावाइतका जिवाला जपणारा माणूस साऱ्या आचरे गावात झाला नाही, आणि त्या जपण्यापायी इतका सुकून गेलेलाही कोणी नाही. साठ सालच्या सुमारास तो मुंबईच्या एका इस्पितळात कॅन्सरच्या रोग्यांसाठी लागणाऱ्या रेडियमच्या सुया मोजून द्यायचं-घ्यायचं काम करी. छातीला एक बिल्ला लावायचा, आत फोटोच्या फिल्मचा तुकडा; महिन्याने तो धुतला की किती काळा झाला त्यावरून अंगावर किती किरण पडले ते कळायचं. काम सुटल्यावर बिल्ला तिथेच खुंटीला अडकवायचा, असा नियम. पण हा पठ्ठ्या तो गावीसुद्धा लावून यायचा. "ही ढाल न्हय रे, साक्षीदार आसा," असं वर मलाच समजवायचा. साक्षीदाराशिवाय गाडीत बसायचं म्हणजे त्याला उघड्याने बाजारात गेल्यासारखं वाटे.

माझ्या नव्या घड्याळाचे काटे अंधारात चमकतात हे कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. "ह्येच्यात रेडियम आसा! आधी भायर ठेय!" तो गावी असेपर्यंत माझं घड्याळ गोठ्यात म्हशीला वेळ सांगत होतं आणि मी मास्तर असून शाळेत मुलांच्या मागून पोचत होतो. जेवणाआधी हा तीनदा हात धुई. नखं तर इतकी कापी की कुर्ल्यांच्या नांग्या फोडून द्यायचं काम वहिनीकडे आलं. आम्ही पोट धरून हसायचो.

त्या वर्षी दिवाळीला ते हसणं थांबलं. गणपतीला गावी येऊन गेल्यावर त्याने जी फिल्म दिली ती काळीकुट्ट निघाली. साहेबांनी याचं रक्त तपासायला घेतलं, फिल्म वरच्या तज्ज्ञांकडे पाठवली आणि याला रजेवर घरी धाडलं. घरात सात महिन्यांची लेक, पहिलीच, नुकती रांगायला लागलेली. तो तिला हात लावीना. पडवीच्या दुसऱ्या टोकाला बसून नुसता बघत राही आणि ती रांगत जवळ आली की उठून अंगणात जाई. मी एकदा चिडलोच. "अरे, तुझ्या अंगातसून काय किरण भायर पडतत?"

"नाय पडणत. माका म्हायत आसा," तो म्हणाला. "पण ह्या हातांका कोण सांगतलो?"

मी लेकीला उचलून आत नेलं.

शेवटी आत्याने देवळात जाऊन कौल लावला. देवाच्या अंगाला चिकटवलेली पाकळी उजवीकडची पडली, म्हणजे चांगलंच. ती धावत घरी आली. "देव बरा म्हणता रे!"

"आये, रेडियमचा टेबल पण माझ्या उजवेकच आसा," हा म्हणाला. आत्याने कपाळाला हात लावला. मग राहिलं ते फक्त तज्ज्ञांच्या निकालाचं पत्र. दुपारी पोस्टमन पाणंदीत दिसला की आम्ही सगळे अंगणात येत असू, आणि हा तेवढा आत जाऊन पाणी पीत असे.

पौषात पत्र आलं. त्याने ते मलाच वाचायला लावलं. बिल्ल्यात शिशाच्या नि कथलाच्या पट्ट्या असतात, किरण पडले तर फिल्मवर त्यांच्या सावल्या उमटतात. या फिल्मवर सावल्या नव्हत्याच. नुसता सरसकट काळेपणा आणि कडेला पाण्याचे डाग. ओलाव्याने आणि उष्णतेने फिल्म खराब झाली आहे, रक्त उत्तम आहे, सोमवारी कामावर हजर व्हावे.

"उष्णता खंयची?" तो पुटपुटला.

आत्या दारातच थिजली. "गणपतीत तू भिजान इललंस. शर्ट मियांच चुलीवर सुकत घातललो. बिल्ल्यासकट."

कोणी रागावलं नाही. रागावायला कोणात त्राण नव्हतं. तो सरळ पडवीत गेला आणि त्याने लेकीला उचललं. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, टाहो फोडला आणि माझ्याकडे झेप घेतली. मी मागे सरकलो. दोन महिने ती माझ्याच अंगाखांद्यावर खेळली होती, याची मला तेव्हा लाज वाटली. "बापूस मिया तुझो," तो तिला परत परत सांगत होता.

तीन दिवस त्याने ते सोडून दुसरं काही केलं नाही. शनिवारी मोटार सुटायच्या वेळी ती त्याच्या खांद्यावर होती खरी, पण झोपलेली. जागेपणी काही ती त्याच्याकडे राहिली नाही. कंडक्टर हाका मारत होता, आणि तो तिला माझ्या हातात देताना ती जागी होऊ नये म्हणून श्वास धरून उभा होता.